पानाच्या डाव्या बाजूची गोळी

सन्माननीय अध्यक्ष अनंतकृष्णराव, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टर वेंकटरमण, समोर आपल्या विद्यार्थिनींत जाऊन बसलेल्या सत्कारमूर्ती कनकाबाई, त्यांना न्यायला कोइमतूरहून आलेल्या त्यांच्या कन्या लावण्या, आणि शेजारच्या खोलीतून रस्समचा वास येत असतानाही माझ्याकडे बघत बसलेल्या बंधुभगिनींनो,

निरोपाच्या भाषणाला औषधाच्या दुकानदाराला उभं करावं, ही मंडळाच्या कार्यकारिणीची कल्पना. कनकाबाईंनी ज्याची सर्वांत जास्त गिऱ्हाइकं तोडली, तो हा दिनानाथ. त्याच्याकडून स्तुती ऐकायची म्हणजे गंमतच आहे.

वेस्ट मांबलमला खाली माझं दुकान आणि वर बाईंचा आहारवर्ग. खाली टॉनिकं, प्रोटीनचे डबे, रंगीत कॅप्सूल. वर नाचणी, शेवग्याचा पाला, हातसडीचे तांदूळ. जिना माझ्या काउंटरला लागूनच. आपली आयटीतली तरुण मंडळी, म्हणजे हा देवेश वगैरे, जेवण बुडवायची आणि माझ्याकडे शक्तीच्या गोळ्या मागायची. तेवढ्यात जिन्यावरून बाई वाकून विचारत, "काय रे देवेशा, सकाळी काय खाल्लंस?" तो "कॉफी" म्हणाला की त्याची रवानगी वर! आता सांगा, मी धंदा करायचा कसा? मला राग येत नसे असं नाही. येत असे, पण दुपारी वरून नाचणीची आंबील येई आणि राग जाई.

एक गोष्ट मात्र हसून सांगण्यासारखी नाही. माझी पत्नी गेली त्या वर्षी "जेवलात का?" असं मला रोज विचारणारं या एवढ्या मोठ्या शहरात एकच माणूस होतं. त्या या बाई.

दोनेक वर्षांपूर्वी जिना उतरताना बाईंचा तोल जाऊ लागला. तळपाय बधिर झाले होते. रक्त तपासलं तर बी-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. डॉक्टर इथे बसलेत म्हणून म्हणत नाही, पण त्यांनी फार नीट समजावलं: या वयात, शाकाहारी जेवणातून, यांच्या शरीराला ते पुरेसं मिळत नाही, बाहेरून घ्यायलाच हवं, आणि उशीर केला तर पाय पुन्हा पहिल्यासारखे होतीलच असं नाही.

बाई चिठ्ठी घेऊन आल्या, पण गोळ्या घेईनात. म्हणाल्या, "नको पा, दिनानाथराव. मी गोळी खाते हे कळलं तर बायका म्हणतील, हिचं अन्न हिलाच पुरलं नाही. लेकरांना नाचणी सोडून तुमच्या डब्यातली पूड घालतील. त्यापेक्षा वर्ग बंद करते मी."

मी म्हटलं, "कागदात गुंडाळून देतो. कोणाला कळणार नाही."

"अय्यो! मग तर नकोच. लोकांना एक सांगायचं आणि आपण आतल्या खोलीत दुसरं खायचं?"

मी अनेक हट्टी गिऱ्हाइकं पाहिली आहेत, पण असा हट्ट पाहिला नव्हता. त्या आठवड्यात जिन्यावर पाऊल वाजलं की माझा जीव वरखाली व्हायचा.

मग शनिवारी वरून निरोप आला, गोळ्या घेऊन या. गेलो. वर्गातल्या सगळ्या जणी बसल्या होत्या आणि बाईंनी एक पान वाढायला घेतलं होतं. आपल्याकडे पानात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली, हे तुम्हाला मी काय सांगणार! उजवीकडे भाज्या वाढल्या, मधे भात. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग माझ्या हातून गोळी घेतली आणि लिंबाच्या शेजारी नेमकी ठेवली. चटणीसारखी!

बाई म्हणाल्या, "डावीकडचं कोणी पोटभर खातं का? नाही. पण ते नसलं तर पान पुरं होतं का? माझ्या पानात एवढं कमी होतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. तुमच्या पानात काय कमी आहे ते तपासून घ्या. शेजारणीचं बघून नको. आणि उजवी बाजू चुलीवरच शिजली पाहिजे." एवढं बोलून गोळी घेतली आणि सावकाश जेवल्या.

वर्ग बंद झाला नाही, उलट वाढला. माझे प्रोटीनचे डबे काही खपले नाहीत, ती तक्रार मी अध्यक्षांकडे स्वतंत्रपणे करीन. आणि बाईंचे पाय? आधी भिंत धरून, मग कठडा धरून, मग नुसत्याच. ज्या दिवशी त्या कठडा न धरता खाली आल्या, त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचे सोडून रडत होतो.

लावण्याताई, तुम्ही आमच्या बाईंना नेताय. न्या. पण मला फार एकटं वाटणार आहे, हे भर सभेत सांगतो.

मंडळाने बोलायची संधी दिली, तुम्ही भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे पाय घसरला असेल तर सांभाळून घ्या. आता कनकाबाईंनी व्यासपीठावर यावं. देवेश, बस खाली, हात द्यायला उठू नकोस. पायऱ्या त्या आपल्या आपण चढतील.