मिठागर

स्तनाच्या कॅन्सरच्या ओपीडीत दोघांच्या बायका आत तपासणीला गेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर रंगारी शिंपीकाकांना फुशारकीनं सांगत होता.

"केमो सुरू झाल्यापासून मीच रांधतो, काका. तिनं एकदाही नावं ठेवली नाहीत."

"अरे वेड्या, औषधानं तिच्या तोंडाची चव गेलीय."

"म्हणजे... ते कौतुक नव्हतं?"

"मीसुद्धा महिनाभर मोठा आचारी म्हणून मिरवलो. मग कळलं, मीठ दोनदा पडत होतं."

"मग आता करू काय?"

"रांधत राहा. ती नाक मुरडेल त्या दिवसाची वाट बघ. आमची केमो संपून दोन महिने झाले, मी अजून बघतोय."

दार उघडलं. आत बसल्या बसल्या खायला घेतलेला, काकांनी करून दिलेला डबा उघडाच घेऊन काकू तणतणतच आल्या.

"अहो, ही भाजी आहे की मिठागर?"

शिंपीकाका ताडकन उठले.

"पुन्हा बोल गं! याला नीट ऐकू आलं नाही."