नांगराची रेघ

हिंगोलीहून पुसेगावला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघं बसले होते.

"शिवशंकरभाऊ, फोन वाजून राहिला तुमचा."

"वाजू द्या, अबूबकरभाई. रस्त्याच्या कंपनीचा हाये."

"त्यांचा तुमाला काहून?"

"आपला रस्ता दहा वर्षं तेच सांभाळणार हायेत. फाट्यावर नंबर लिवलाय. परवा सकाळी पायलं तं डांबरावर लांबच लांब चर. लावला फोन. म्हणलं, असला रस्ता करता व्हय?"

"बराबर केलं. आले का?"

"लगेच आले. चर पाहत पाहत पायी निघाले. वाट दाखवायला मीच पुढं."

"मग?"

"चर माझ्याच शेतातल्या आखाड्यावर, ट्रॅक्टरपाशी येऊन थांबला. आदल्या दिशी येताना नांगर खाली बसला होता. मी गाणी ऐकून राहिलो होतो, कळलंच न्हाई."

"लई बोलले असतील."

"बोलले असते तं बरं झालं असतं. नुसतं विचारलं, तक्रार कोणी केली? मी म्हणलो, असंल कोणी गावाची काळजी करणारं. त्यांनी नंबर लावला. माझ्याच खिशात वाजला."

"आता काय म्हणतेत?"

"चर बुजवला. पण तक्रार करणारा काम पसंत हाये म्हणल्याबिगर त्यांचं बिल निघत न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?"

"परत वाजून राहिला. द्या इकडं, मी सांगतो. हॅलो. व्हय साहेब, काम पसंत हाये. भाऊ, विचारून राहिले, अजून काही तक्रार?"

"सध्या न्हाई म्हणा. पण माझं अर्धं रान नांगरायचं राहिलंय, तेबी सांगा."