कापश्याची बंडी

…तर एक होती म्हातारी, एक होती तिची सून, एक होती नात, आणि तिघींच्या मध्ये एक ससा — हसू नकोस पोरी, मला गोष्ट अशीच सांगता येते. नातीनं लावलेली सवय. आधी कोण कोण आहे ते सांग, मग काय झालं ते सांग, आणि शेवट वाईट असला तर सांगूच नकोस, असा तिचा नियम. आठ वर्षांची आहे. आत्ता शाळेत बसलीय, तिला यातलं काही माहीत नाही. म्हातारी म्हणजे मी. सून आत आहे, जनावरांच्या डॉक्टरांच्या खोलीत, सशाला धरून. मला म्हणाली, आई, तुम्ही जरा बाहेर बसा. आता बाहेर बसा म्हणजे काय? तो तळहाताएवढा होता तेव्हापासून मी सांभाळला, उचलताना मागचे पाय हातावर घ्यावे लागतात, नाहीतर झटका देऊन स्वतःचंच कंबरडं मोडून घेतो, हे मला माहीत — आणि मी बाहेर. बरं, बसले. तुझ्या त्या पिशवीत मांजर आहे ना? ओरडत नाही, गुणाची आहे. मांजरीचं एक बरं असतं बघ. अंग चाटते, केस गिळते आणि चार दिवसांनी ओकून मोकळी होते. सशाला उलटी होत नाही. देवानं दिलीच नाही त्याला. आत गेलं ते खालूनच यायला पाहिजे. आणि काल सकाळपासून खालून काही आलेलं नाही.

एक लेंडी नाही. रोज मी टोपली झाडते तर ओंजळभर निघतात, वाटाण्यासारख्या, गोल, कोरड्या — मी मोजत नाही, पण हाताला अंदाज असतो. परवा त्या बारीक झाल्या, मोहरीहून जरा मोठ्या. काल संपल्या. गवत तोंडाशी धरलं तर मान फिरवतो. कोपऱ्यात पोट आवळून बसलाय आणि दात खातोय, कर्र कर्र, तो आवाज ऐकवत नाही. पोटाला हात लावला तर कणकेचा गोळा वाळावा तसं घट्ट. डॉक्टर म्हणाला, चोवीस तास फार झाले आजी, सशाचं आतडं थांबलं की ससा थांबतो. मग त्यानं मला सरळ विचारलं — याचे केस गळतायत का? या दिवसांत गाळतात ससे. आणि मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. एक केस नाही.

असं का म्हटलं? — सून शेजारी उभी होती म्हणून.

सांगते, आता बसलोच आहोत तर. सून माझी शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवते. दिवसभर मशीनवर, हवेत कापडाचा भुगा उडत असतो, तो नाकात, घशात, छातीत. तिला दमा आहे. पंप असतो पर्समध्ये. मुलगा माझा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी येतो, त्यातला एक झोपण्यात जातो. तेव्हा घर चालतं ते तिच्यावर, दम्यासकट. आणि त्या घरात हा ससा. मुलानंच आणला लेकीसाठी, आणि नावही त्यानंच ठेवलं, कापश्या. पुढं बोलला, अख्खं घर पिंजून ठेवतोय लेकाचा. खरं होतं ते. वर्षातून दोनदा कोट बदलतो, आणि बदलतो म्हणजे काय — आज मानेवरचा, उद्या पाठीवरचा, परवा कुशीतला. चिमटीत धरून ओढला तर पुंजका हातात. चहात केस, उशीवर केस, नातीच्या वहीत केस, एकदा तर माझ्या चष्म्याच्या आत. मी काय करायची, रोज दुपारी त्याला मांडीवर घ्यायची, हात ओले करून पाठीवरून फिरवायची, म्हणजे सुटे केस हाताला चिकटतात, उडत नाहीत. मग उवांच्या फणीनं हळूच, मानेपासून खाली, पोटाला नाही, पोटाची कातडी कागदासारखी असते. एवढाल्ला गोळा निघायचा. ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेर. तरी उडायचेच चार. केसाला काय, पाय थोडेच लागतात.

तर महिन्याभरापूर्वी सून कामावरून आली, पलंगावर टेकली, आणि तिथं माझ्या पदरावरून पडलेला केस असेल — असा दम लागला तिला. ओठ निळे पडले. शेजारचा रिक्षावाला धावला, दवाखान्यात नेलं, तोंडावर वाफेचा मुखवटा लावला. नात दारात उभी राहून बघत होती, दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून. दुसऱ्या दिवशी सून मला म्हणाली — ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं — म्हणाली, आई, घरात आणखी एक केस दिसला तर तो ससा मी कुणाला तरी देऊन टाकेन. मी मेले तर पोरीला कोण बघेल? खरंच बोलली ती. मी मान हलवली.

मग मी बंडी शिवली. बंडी गं, सशाची. तिच्याच कारखान्यातल्या चिंध्या, कॉलरच्या कापडाच्या, जाड, घट्ट विणीच्या, केस बाहेर येणार नाही अशा. चार पायांना चार भोकं, पोटाखाली नाडी. घातली. म्हटलं, आता गाळ किती गाळायचे ते, सगळं आतल्या आत. आणि फणी बंद केली, फणी केली की उडतात ना. माझ्या खोलीत राहतो तो, सून तिकडे येतच नाही, दार लोटलेलं. बंड्या दोन केल्या, एक अंगात, एक धुतलेली. वाळत घालायची ती माझ्या लुगड्याखाली, तारेवर, कुणाला दिसू नये म्हणून. शाळेत गेले नाही मी, पण डोकं आहे, असं वाटलं तेव्हा.

आणि पोरी, तीन आठवडे काय सुखाचे गेले म्हणून सांगू. एक केस नाही घरात. सून म्हणाली, थांबले वाटतं केस. मी म्हटलं, थांबले. ती संध्याकाळी माझ्याजवळ बसून चहा घ्यायला लागली. लग्न होऊन आल्यापासून दहा वर्षांत असं बसली नव्हती. कारखान्यातल्या गमती सांगायची, सुपरवायझरची नक्कल करायची, तो नाक कसं ओढतो ते. मी हसायची आणि आत माझ्या खोलीत तो बसलेला असायचा, बंडी घालून, मान वाकडी करून काखेपाशी काहीतरी चघळत. मला वाटलं, कापड चघळतोय, खोड आहे. कापड नव्हतं ते. बंडीच्या आत केसांची गादी झाली होती, उबेनं चिकटलेली. त्याला खाज सुटणार, तो ओढणार, ओढलेलं तोंडात, तोंडातलं पोटात. रोज. तीन आठवडे. चार दिवसांमागं लेंड्या माळेसारख्या यायला लागल्या, एकीला एक केसानं बांधलेल्या, तेव्हाही मी काय केलं — बोटानं तोडल्या आणि टाकून दिल्या. कळलं नाही असं नाही. कळून घेतलं नाही.

आज इथं येताना सून रिक्षाला हात करत होती, तेवढ्यात मी फाटकाआड वळून बंडी काढली आणि या पिशवीत कोंबली. ही बघ. अजून ऊब आहे तिला.

नातीसाठी केलं, असं तुला सांगणार होते. तेच ठरवून आले होते. पण नात आता त्याच्याकडे बघतही नाही फारशी, तिला सायकल पाहिजे. दुपारी घरात कोण असतं? भिंती. मुलगा रस्त्यावर, सून मशीनवर, पोर शाळेत. तो असतो. माझ्या पावलांत पाय पसरून पडतो. मी बोलते, तो कान हलवतो. दहा ते पाच मला आई म्हणायला कोणी नसतं, आजी म्हणायला कोणी नसतं, आणि त्याला तर काहीच म्हणता येत नाही, तरी — जाऊ दे.

अशी बघू नकोस गं माझ्याकडे. मला कळतंय. त्याला आत औषध देतायत ते कशाचं देतायत? काहीतरी वेगळं खाल्लं असेल असं मी म्हटलंय, त्याचं. केसांचं मी नाहीच म्हणून सांगितलंय. खोटं माझं, आणि पोट त्याचं. आणि आता जाऊन सांगायचं तर सुनेसमोर सांगायचं, तो चहा संपला, ते बसणं संपलं, ससाही गेला. न सांगावं तरी ससा गेला. दोन्हीकडून — तू माझ्या जागी असतीस तर? नाही, तू सांगितलं असतंस. तोंडावरून दिसतंय. धर ही पिशवी जरा. गुडघे उठू देत नाहीत.

अहो कंपाउंडर, थांबा, दार लावू नका. डॉक्टरांना एक सांगा. केस गेलेत त्याच्या पोटात. तीन आठवड्यांचे. मी मघाशी खोटं बोलले. म्हणावं, म्हातारी खोटं बोलली, काय करायचं ते करा पण औषध केसांचं द्या — काय? त्यांना माहीत आहे? मघाशीच? कोणी सांगितलं? सुनेनं?

तिला काय माहीत पण. तिला कसं —

इकडे दे ती पिशवी. दे, दे. बंडी दे. माझे डोळे अधू झालेत, टाके मी बोटांनी शिवते, बोटांना कळतं. ही मान, माझी. ही नाडी, माझी, इथं गाठ दोनदा मारलीय. आणि ही काख… तू बघ गं, तुझे डोळे तरुण आहेत. हे टाके एकसारखे आहेत ना? बारीक, सरळ, सगळे एका मापाचे? हे मशीनचे आहेत. हे माझे नाहीत. काख उसवून कुणीतरी सैल केलीय, आतून मऊ पट्टी लावलीय, त्याला काचू नये म्हणून. कॉलरची टीप आहे ही. अशी टीप आमच्या घरात एकाच बाईला येते.

म्हणजे तारेवरून काढून नेली असणार तिनं, लुगड्याखालून. शिवली, परत ठेवली. आणि संध्याकाळी माझ्याजवळ बसून चहा प्यायली. मी म्हणत होते थांबले, ती म्हणत होती थांबले. आणि मला आज बाहेर बसवलं ते — अगं बाई. माझ्यादेखत सांगायला नको म्हणून.

आली. तोंडाला रुमाल बांधलाय बघ तिनं, आणि डोळे लाल. हातात कागद कसला — आण इकडे, आण. किती लेंड्या? चार? तेल पाजलं, पोट चोळलं आणि मग चार? बघ गं पोरी, बघ, केसात ओवलेल्या आहेत, पण आहेत. कोथिंबीर हुंगली म्हणतेस, सूनबाई? चावली? एक पान? एक पान पुष्कळ झालं. काय म्हणालीस? रविवारी गच्चीवर, तू लांब उभी राहून, मी फणी — आणि बंडी चुलीत. बरं. बरं बाई. घरात केस उडत नव्हते, तुझ्याही सोयीचं होतं, म्हणून गप्प बसलीस होय. रडू नकोस, दम लागेल. पंप कुठंय तुझा?

तो कागद मी घेते, नातीला दाखवायला.

जा पोरी, तुझ्या मांजरीला बोलावतायत.