समोरच्या भिंतीवरच्या बायका

मामा : ते चित्र तेवढं उतरव. बाकी सगळं झकास. समोरच्या भिंतीवर एखादं फुलाबिलाचं टांग.

भाची : हळू बोला मामा, आत्ताच डोळा लागलाय हिचा.

मामा : पोरीला कडेवर घेऊन गॅलरी चालवतेस, कौतुक आहे मला. म्हणून तर हॉल फुकट दिला. पण माझ्याच हॉलमध्ये माझीच अब्रू काढायची? शिवणयंत्रांवर डोकी टेकून झोपलेल्या बायका, तो वाकडा निळा पंखा... कारखाना कुणाचा, शेंबडं पोरही सांगेल!

चित्रकार : काका, त्यातली कडेची माझी आई आहे. जेवणाच्या सुट्टीत झोपलीये. कामचुकार नव्हती ती.

मामा : आई आहे ना? मग घरी लाव!

चित्रकार : ताई, जाऊ दे. माझ्या एकटीपायी सगळ्यांचं छप्पर जायचं. मीच काढते.

भाची : खबरदार! स्वतःच्या चित्राला हात लावायचा नाही. लावणार इतर, काढणारही इतर. नियम म्हणजे नियम.

मामा : हा काय पोरखेळ?

भाची : मोक्याच्या भिंतीवरून चित्रकारांची भांडणं व्हायची, म्हणून हा नियम केला. हे चित्र समोर लावायचं, हे बाकी सगळ्यांनी ठरवलं.

मामा : मग त्यांनाच सांग काढायला.

भाची : तुमचा फोन आल्याबरोबर विचारलं. कुणी तयार नाही.

मामा : तू काढ. तू चालवतेस ना हे?

भाची : त्यांच्याबरोबर चालवते मामा, त्यांच्या डोक्यावर बसून नाही. आणि माझा हात मोकळा कुठाय?

मामा : हॉल गेला तर या तान्हुलीला घेऊन कुठे वणवण करशील?

भाची : त्याची भीती आहेच, खोटं कशाला बोलू. पण मोठी झाल्यावर हिनं विचारलं तर काय सांगू? बायका दमून झोपल्या होत्या, म्हणून लपवल्या?

मामा : अगदी आईवर गेलीयेस. हेकट! उद्या चावी घरी आणून दे.

भाची : उद्या ना? म्हणजे आजचं उद्घाटन होतंय. तुम्हीही या.

(मामा तरातरा निघून जातात.)

चित्रकार : ताई... आई येणारे संध्याकाळी बघायला.

भाची : येऊ दे की! हिला घे जरा. मान सांभाळ. आणि दुसऱ्या हातानं शिडी धर.

चित्रकार : आता काय?

भाची : दिवा तुझ्या आईच्या डोळ्यांवर येतोय. वळवते थोडा. झोपू दे तिला.