बाईंसाठी भरलेला पक्षी

...हसताय काय? बघा ही बोटं! गॅरेज आहे माझं, जन्म गेला नटबोल्ट पिळण्यात, पण बोटांची अशी चाळण कधी झाली नव्हती! आणि कशानं? सुईनं! तुम्हाला सांगतो, बायको म्हणाली होती, "अहो, फुल्याच तर मारायच्यात!"

आता हे काम मुळात तिचं. आमच्या लेकीच्या बाई रिटायर होणार, त्यांना हातानं भरलेलं चित्र द्यायचं. क्रॉस स्टिच! मॅटीच्या कापडावर बारीक बारीक घरं, एकेका घरात दोऱ्याची एक फुली. खाली कुंडी, कुंडीत झाड, झाडावर पक्षी. कुंडी झाली, अर्धं झाड झालं, आणि ही बाथरूममध्ये घसरली! मनगट प्लॅस्टरमध्ये! म्हटलं जाऊ दे, एखादं पेन देऊ. तर ही अशी बघतेय माझ्याकडे... "पेन? त्या बाईंना पेन?"

बरोबरच होतं हो तिचं. पोरगी वाचताना अडखळायची, वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची, मग पोरीनं तोंडच मिटून घेतलं. आम्ही तर हात टेकले होते. आणि या बाईंनी काय केलं देव जाणे... आता रस्त्यानं चालताना प्रत्येक दुकानाची पाटी खणखणीत! दुकानदार बाहेर येऊन बघतात!

मग काय, बसलो. फुल्याच तर मारायच्यात! अहो, एक घर चुकलं की पक्ष्याची चोच त्याच्याच डोळ्यात! गुंता असा, की त्यापेक्षा इंजिन खोललेलं परवडलं! ही शेजारी बसून, "अहो, हळू ओढा, क्लचची वायर आहे का ती?" पण एकदा कापड सहज लांब धरलं आणि... आईशप्पथ, पक्षी! मान वाकडी करून माझ्याकडेच बघतोय! माझ्या हातचा!

निरोपाच्या दिवशी लेकीला घेऊन गेलो. बाईंनी चित्र छातीशी धरलं, डोळ्यांत पाणी. मग खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं केलं... "सुंदर! पण अर्ध्या चित्रातल्या फुल्या एकीकडे कलतात, उरलेल्या दुसरीकडे. हा पक्षी कोणी भरला?"

डावखुरा आहे मी! फुलीत दुसरा टाका पहिल्यावरून जातो ना, तो हिचा एका बाजूला झुकलेला, माझा बरोब्बर उलटा! फुल्याच तर मारायच्यात म्हणे! चाळिशी उलटलेला बाप्या मी, मान खाली घालून म्हणतोय, "मी, बाई."

ओरडल्या? नाही. चिडल्या? छे! नुसत्या हसून बघत राहिल्या. मी घाम पुसतोय, त्या बघतायत. घाई नाही, काही नाही. लेकीनं माझा हात दाबला, "बाबा, घाबरू नको. बाई रागवत नाहीत. आपल्याला जमेपर्यंत थांबतात."

अंगावर काटा आला हो! एवढंच? सगळं जग घाईत, आणि ही बाई नुसती थांबते... आणि माझी पोरगी बोलायला लागते! मला इतकं भरून आलं, इतकं भरून आलं, की त्या भरात तोंडातून निघून गेलं, "बाई, उसवून नीट करून आणतो!"

वाटलं, म्हणतील, अहो राहू द्या. कसलं काय! चित्र परत माझ्या हातात! "सावकाश आणा हं. मला आता वेळच वेळ आहे."

तर मंडळी... शाळेला लागली सुट्टी, पोरगी गेलीय खेळायला, आणि बाप बसलाय अभ्यासाला!