जिव्हाळ्याचं निव्वळ वजन

नाही, पण गवत कशाला म्हणतो मी! खाऊच्या टोपलीत गवत कशाला? आणि थोडंथोडकं नाही हो, वीतभर! वर एक बाटली, बाजूला दोन डब्या, मध्ये चार बिस्किटं अंग चोरून बसलेली, आणि खाली नुसतं गवत. बरं, गवत तरी खरं? छे! केसासारखा बारीक कापलेला कागद! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी सोफे भरतोय. सोफे, आरामखुर्च्या, गाद्या, दवाखान्यातली ती तपासायची बाकं... आत काय भरायचं आणि किती भरायचं हे मला कुणी शिकवायचं? अहो, भरण्यावरच घर चालतं माझं! पण मी फोम विकतो तो फोम म्हणून विकतो, खाऊ म्हणून नाही विकत!

टोपली मात्र सुंदर. ते नाकारत नाही मी. वेताची, घट्ट विणीची, कडेला चामड्याचे बंद... टोपली सुंदर!

आता तुम्ही म्हणाल, तुला कुणी सांगितलं होतं घ्यायला? बायकोनं सांगितलं होतं, दुसरं कोण सांगणार?

झालं असं, माझा थोरला भाऊ निवृत्त झाला. दादा. वजनमापं तपासायच्या खात्यात होता, छत्तीस वर्षं. बाजारात शिरला की दुकानदार एकमेकांना खुणा करायचे, 'तराजू आला रे, तराजू आला!' आणि दादाचं आणि माझं तीन वर्षं बोलणं नाही. का नाही? सांगतो, तेही सांगतो, आधी टोपलीचं होऊ द्या. तर एक दिवस वहिनीचा फोन. आवाज दबका, म्हणजे दादा आंघोळीला गेलेला असणार. 'भाऊजी, रविवारी दोघं जेवायला या. निवृत्त झाल्यापासून हे घरातच असतात हो. काल माझ्या सगळ्या डब्यांची वजनं केली, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखर सहाशे चाळीस. मी दोन चमचे घेतले तर चिठ्ठी बदलली! कुणीतरी बोला हो यांच्याशी... मी एकटी किती बोलू?'

म्हटलं जाऊ. केळी नेऊ डझनभर. आमच्या हिनं माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, जणू मी केळ्याचं सालच आहे! 'तीन वर्षांनी सख्ख्या भावाकडे जाताय आणि केळी? काहीतरी भारी न्या!'

गेलो. दोघं भेटवस्तूंच्या दुकानात शिरलो तर गार हवा, मंद दिवे, आणि विकणारी मुलगी एवढ्या हळू बोलते, जणू आतल्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. 'सर... कुणासाठी? नातं कोणतं?' मी म्हटलं, 'नातं सख्खं आहे, बोलणं नाही.' 'ओऽह,' म्हणाली, 'मग आमच्याकडे तीन प्रकार आहेत सर. स्नेह, आपुलकी आणि जिव्हाळा.'

टोपल्यांची नावं हो! स्नेह म्हणजे पंजावर मावेल एवढी, आपुलकी म्हणजे डोक्यावर पालथी घालता येईल एवढी, आणि जिव्हाळा दोन्ही हातांनी उचलायचा. मी म्हटलं, 'स्नेह दाखवा.' हिनं कोपरानं ढोसलं. 'सख्ख्या भावाला नुसता स्नेह?' 'मग आपुलकी घेऊ.' 'आपुलकी ऑफिसातल्या साहेबाला देतात!' हे हिला कधी कळलं? ही कुठल्या ऑफिसात होती? आणि जिव्हाळ्याची किंमत ऐकलीत का तुम्ही? तेवढ्या पैशांत मी आख्खी आरामखुर्ची नव्यानं भरून देतो, कापडासकट, घरपोच!

'यात आहे काय काय हो बाई?' मी विचारलं. तर म्हणते, 'सर, आम्ही वस्तू देत नाही, अनुभव देतो.' अनुभव! अनुभव मला आहे की, तीस वर्षांचा! 'बारा वर्षं मुरलेलं व्हिनेगर, लाकडाचा धूर दिलेलं मीठ, कोळशाची बिस्किटं...' कोळशाची! घरी पाव करपला तर मी मुकाट्यानं खातो, कुणाला सांगतसुद्धा नाही! 'आणि सर, ट्रफल घातलेला मध.' 'ट्रफल म्हणजे?' 'जमिनीखाली उगवणारं अळंबं सर. कुत्री हुंगून हुंगून शोधतात.' 'आणि ते मधात घालता?' 'हो सर.' 'का?'

तिथं मात्र त्या मुलीनं कात्री उचलली. खालमानेनं फीत बांधायला लागली. घेतला जिव्हाळा. काय करता!

वर चकचकीत कागद, त्यावर फुगीर गाठ... टोपली सुंदर, वादच नाही. बसमध्ये चढलो तर सगळी बस वळून बघतेय. एका बाईंनी शेजारच्या सीटवरची स्वतःची पिशवी उचलली, 'इथं ठेवा ना, दबेल बिचारी.' बिचारी! टोपली बसली खिडकीशी, वाऱ्याला, आणि मी दांड्याला लोंबकळत पाऊण तास! गुडघेदुखी कुणाला आहे? मला! बसलंय कोण? जिव्हाळा!

दादानं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि बाजूला झाला. 'ये' नाही, 'या' नाही. जेवताना चौघंजण, आणि आवाज फक्त चमच्यांचा. मी नुसतं इकडेतिकडे बघितलं तर दादा वहिनीला म्हणतो, 'त्याला सांग, मीठ त्याच्या उजव्या हाताशी आहे.' अरे, मी समोर बसलोय! दोन हातांवर! तीन वर्षांत कानाचे केस पिकले होते त्याचे.

शेवटी हीच म्हणाली, 'वहिनी, उघडा की टोपली!' कागद निघाला चरचर चरचर. बाटली आली, डब्या आल्या, बिस्किटं आली, मीठ आलं, काड्यापेटीएवढं चॉकलेट आलं. मग वहिनी म्हणाली, 'अजून असेल खाली,' आणि कपडे धुवायला बसावं तसे कोपरापर्यंत हात घातले गवतात. उपसतेय, उपसतेय, सतरंजीभर गवत... मी मनात म्हणतोय, निघ रे काहीतरी, निघ, एखादं लिंबू निघ! वहिनी हात झाडत म्हणाली, 'संपलं वाटतं, भाऊजी.' माझे कान तापले. म्हणजे इथं लोकांनी हसून तरी टाकावं की नाही? सगळे त्या गवताकडेच बघताहेत.

दादा उठला आणि आत गेला. म्हटलं झालं, गेला, आता जेवणाचे आभार मानायचे आणि बस पकडायची. तर परत आला हातात काटा घेऊन! स्वतःचा, पेटीतला, मखमलीत ठेवलेला. मांडला टेबलावर, समतल बसलाय का ते वाकून बघितलं, आणि एकेक डबी उघडून, आतला माल बशीत काढून, चिकट मधाची तेवढी बंदच ठेवून रिकाम्या डबीचं वजन वजा करून... माझ्याकडे मान वर केली आणि म्हणाला,

'एकशे दहा.'

तीन वर्षांनी, तुम्हाला सांगतो, तीन वर्षांनी माझा सख्खा भाऊ माझ्याशी पहिला शब्द बोलला, आणि काय बोलला? एकशे दहा! आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी! एकशे दहावर रडलेला माणूस बघितलाय का कुठे?

मग सुरूच झाला. 'माल सगळा मिळून सातशे वीस ग्रॅम. गवत चारशे. टोपली दोन किलो शंभर.' काटा पुसला आणि म्हणाला, 'तुला फसवलं.' तुला! 'त्याला' नाही, 'तुला'!

आता ते भांडण ऐका. तीन वर्षांपूर्वी दादाचा सोफा भरून दिला होता मी. मजुरी नाही, काही नाही, घरचं काम. तर या माणसानं सोफा माझ्याकडे पाठवताना टेम्पोसकट मोठ्या काट्यावर चढवला, आणि परत नेताना पुन्हा चढवला! भावाचं काम हो! आणि फोनवर नाही, त्या काट्यापाशीच मला बोलावून, टेम्पोवाल्यासमोर म्हणाला, 'अकरा किलो कमी आहे. माल कुठे गेला?' माल कुठे गेला! मी फिरलो आणि चालत घरी आलो. तेव्हापासून बंद.

तर टेबलावर ती रिकामी टोपली. सवयीनं माझा हात आत गेला, तळाला दाबून बघितलं... आणि हाताला कळलं. 'दादा,' मी म्हटलं, 'हा तळ खोटा आहे.' बोटं घालून ओढला तर पुठ्ठा! खाली चार बोटं नुसती हवा! दादा टोपलीत डोकं घालून बघतोय. 'तुला कसं कळलं? काटा न लावता?' 'दाबलं की कळतं. आत काय भरलंय ते तळव्याला कळतं.' त्यानं माझा तळवा बघितला. मग हळूच, 'मग... माझ्या सोफ्यात...'

मी म्हटलं, 'जुना काथ्या काढला, नवा फोम घातला. काथ्या जड, फोम हलका. अकरा किलो कमी भरणारच! वजन सोड. बसायला कसा आहे ते सांग.'

उत्तर दिलं वहिनीनं. 'तीन वर्षं दुपारचे त्याच्यावरच झोपतात. पलंगावर पाठ दुखते म्हणतात.' दादाची मान लाल झाली, अशी मागून वर लाल होत गेली. 'हे तेव्हा का नाही सांगितलंस?' 'परक्या माणसासमोर चोर ठरवलंस मला. मग काय, फोमवर व्याख्यान देऊ?'

चुकलं माझं, असं म्हणाला का? नाव नको! दादा आहे तो! एक काळं बिस्कीट उचललं, मधोमध मोडलं, दोन्ही तुकडे नजरेनं तोलले, आणि मोठा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला. 'खा.'

खाल्लं. चव? पाटी चाटून बघा, कळेल. दोघांचे दात काळे. तेवढ्यात वहिनीनं मधाचं झाकण उघडलं आणि ओरडली, 'अहो, गॅस सुरू राहिलाय!' धावली स्वयंपाकघरात, ही मागोमाग, दादा खिडक्या उघडतोय, मी दिव्याच्या बटणांना हात लावू नका म्हणून ओरडतोय... गॅस बंद! वास कशाचा? मधाचा! ट्रफलचा! अहो, त्या कुत्र्यांना पुरायचं असेल हो ते, आपण उगाच काढून घेतलं! दादा हसायला लागला. काळे दात दाखवत, पोट धरून, डोळे पुसत... असा हसताना मी त्याला त्याच्या लग्नाआधी बघितलेला.

आणि तिथंच थांबायचं ना? नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या दारात, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात काटा. 'चल. जाब विचारू.' दुकानात काटा मांडला, मंद दिव्याखाली. ती मुलगी कुजबुजली, 'सर... जिव्हाळ्याचं असं वजन नसतं करायचं.' दादा म्हणाला, 'निव्वळ वजन छापलंय कुठे?' मालक बाहेर आला, गोड हसला, आणि टोपली उलटी केली. तळाला एक चिठ्ठी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. दादानं भिंग काढलं. बघतोय, बघतोय...

'सातशे वीस,' म्हणाला. 'बरोबर आहे.'

ग्रॅमचा फरक नाही! गवत लिहिलेलं, पुठ्ठा लिहिलेला, सगळं लिहिलेलं! फसवणूक नाहीच हो, फक्त वाचायला टोपली उलटी करावी लागते, आणि जिव्हाळा कोण उलटा करून बघतो? छत्तीस वर्षांत दादाला पहिल्यांदा असं हरलेलं बघितलं मी. रस्ताभर बोलला नाही. मला भीती, झालं, परत तीन वर्षं! कोपऱ्यावर थांबला आणि म्हणाला, 'तुझ्या दुकानात तरी काटा बरोबर आहे का? बघायला येतो.'

आला. परवाही आला. रोज येतोय, बरोबर नऊला, माझ्या आधी! माझी खुर्ची घेतली, गिऱ्हाईकासमोर फोम काट्यावर टाकतो, 'भाऊ, इथं पाच ग्रॅम जास्त जातोय बघ.' भाऊ म्हणतो हो मला! चहा दोनदा, गप्पा दिवसभर, लहानपणापासूनच्या सगळ्या, तीन वर्षांच्या थकलेल्यासुद्धा...

तर तुम्ही विचारताय, एवढी महागाची टोपली नेण्यात अर्थ आहे का. मी एवढंच विचारतो, ज्याच्याकडे नेताय, तो सध्या तुमच्याशी बोलतो का? नाही ना? शांतता आहे ना घरात? मग दोनदा विचार करा बुवा, कारण एकदा का तो बोलायला लागला...

'आलो दादा! हो, हो, मोजूनच कापतो... आलो!'