कुलथे सरांची अर्धी बराख

नमस्कार मंडळी. हातातली कामं टाकून तुम्ही सगळे देवळासमोर जमलात. पुण्याहून सरांच्या पत्नी, आपल्या ताई, आल्यात. माईक माझ्या हातात दिलाय खरा, पण बोलायचं कसं? मागच्या आठवड्यात सर याच पारावर बसून माझ्या चहाला नावं ठेवत होते. आणि चार दिवसांत झटका येऊन माणूस गेला. पटतच नाही हो.

कुलथे सर विद्यापीठात कांद्यावर संशोधन करायचे. साठवलेला कांदा का सडतो, एवढाच त्यांचा प्रश्न. आपण हसायचो. सडायचा तो सडणारच, त्यात शोधायचं काय?

बायांनो, तुम्हीच सांगा. पावसाळ्यात कांदा साठवायच्या बराखीत बसून सडका कांदा निवडायचा, ते आठवतं का? काळं पाणी कोपरापर्यंत यायचं. साबण लावा, राख लावा, वास जायचा नाही. माझी लेक लहान होती. तिला घास भरवायला गेले की तोंड फिरवायची. आईच्या हाताचा घास नको म्हणायची. लई रडले मी तेव्हा. कुणाला सांगणार?

सरांना सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुमची बराख मला द्या."

बराखीच्या मधोमध त्यांनी फळ्या ठोकल्या. एका बाजूला आपल्या पद्धतीनं कांदा, पार पत्र्याला टेकेपर्यंत. दुसऱ्या बाजूला फक्त छातीएवढा. खालून हवा, वरून हवा. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, समोरच बसलेत, त्यांना विचारा. त्यांना ती अर्धी बराख डोळ्यांसमोर नको व्हायची.

आणि नेमके त्याच वर्षी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. आपल्याकडे पाहुणे आधी काय बघतात? मुलगी नंतर. आधी बराख! आबा म्हणाले, "पावणं काय म्हंतील? यांच्याकडं मालच नाय म्हंतील." झालं. भावकीतनं कांदा आणला आणि सरांची बाजू पत्र्यापर्यंत भरून टाकली. उसना कांदा, मंडळी! पाहुणे खूश.

पाहुणे चहा घेत होते आणि सर आले. त्यांनी बराखीकडे बघितलं. आता बिंग फुटणार, असं मला वाटलं. सर मात्र पाहुण्यांशेजारी बसले आणि म्हणाले, "माल चांगलाय आबांचा." पाहुणे गेल्यावर आबांची मान वर होईना. सर म्हणाले, "आबा, माझं एक वर्ष गेलं. पण सोयरीक जमली ना? मग पुढच्या वर्षी बराख परत द्याल का?"

एवढंच. एका शब्दानं रागावले नाहीत. दुसरं कुणी असतं तर गाडी काढून कायमचं निघून गेलं असतं.

पुढच्या वर्षी आबांनी स्वतः राखण केली. एक कांदा कुणाला टाकू दिला नाही. दिवाळीच्या तोंडावर दोन्ही बाजू उघडल्या. आपल्या बाजूला काळं पाणी. सरांच्या बाजूला कांदा कसा खडखडीत! आबा गावभर हाका मारत फिरले, "या रं, बघा रं!"

आज आपल्या लोणी गावातच नाही, पिंपळवंडीला माझ्या माहेरीसुद्धा बराख छातीएवढीच भरतात. आता सोयरिकीला आलेले पाहुणे खाली वाकून बघतात, हवेला जागा ठेवलीय का. विद्यापीठाचा आपल्याला उपयोग काय, असं कुणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझे हात दाखवते.

आता एक बोलायचंय, आणि ते ऐकून कुणाला राग आला तरी चालेल. सरांचं काम अर्धं राहिलंय. कोणत्या वाणाचा कांदा जास्त टिकतो, ते बघायला या वर्षी चार घरांनी बराखी दिल्यात. दिवाळीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय. काल कानावर आलं, "सर तर गेले, बाजार चढलाय, माल काढून टाकू." काढला तर सगळं वर्ष वाया. आणि या वेळी "पुढच्या वर्षी परत द्याल का" असं विचारायला सर नाहीत.

त्यांची विद्यार्थिनी शबनम आलीय, जुन्नरची. नोंदी आता ती घेणार. काल फोनवर मला विचारत होती, "काकू, येऊ ना मी? लोक बराखीत सोडतील ना?" आपल्या गावात त्या पोरीला असं विचारावं लागलं, याचं मला लई वाईट वाटलं.

ताई, इतकी वर्षं तुमच्या घरचे रविवार आम्ही घेतले. ते काही आम्हाला परत देता यायचे नाहीत. पण सरांचं काम आम्ही अर्ध्यावर टाकणार नाही. माझा या माणसांवर भरवसा आहे.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. सरांसाठी हार आणू नका, फोटो लावू नका. मौन संपलं की त्या चार घरांनी फक्त शबनमपाशी जायचं आणि म्हणायचं, "सोमवारी ये बाळ, बराख तशीच आहे."